लगतचे खातेदार

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट बसल्या जागी खरी मानलेली नाही; त्यात सूर्य पूर्वेला उगवतो हीसुद्धा आली. "कोन म्हनतं पूर्वेला?" असं त्यांनी एकदा आमच्याकडे सकाळचा चहा पिताना मला विचारलं होतं. मी भूगोलाचा मास्तर. पंचवीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना हाच विषय शिकवतो आहे, तेव्हा उत्तर द्यायला मी जरा ऐटीतच सरसावलो. पण ते उठले, खिशातून होकायंत्र काढलं, मला गच्चीवर नेलं आणि दाखवलं की संक्रांतीच्या दिवसांत सूर्य आमच्या पूर्वेच्या पाण्याच्या टाकीवरून नाही, तर चांगला दक्षिणेला सरकून शेजाऱ्यांच्या लिंबामागून वर येतो. "पुस्तकातली पूर्व ठोक असती, पावनं. जाग्यावरची येगळी." हे मलाही माहीत होतं, नव्हतं असं नाही. पण पंचवीस वर्षांत मी एकदाही गच्चीवर जाऊन पाहिलं नव्हतं, हे त्यांना कळलं आणि मला ते कळल्याचं कळलं. चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. सरकारी नोकरीत मोजणीदार होते. बत्तीस वर्षं या जिल्ह्यातल्या लोकांची शेतं मोजली, बांध शोधले, हद्दीचे दगड रोवले. निवृत्तीनंतर तेरखेड्याला राहतात. गाव फटाक्यांचं, हे स्वतः दिवाळीला एक टिकली फोडत नाहीत, पण शेजारच्या कारखानदाराला वातीची लांबी किती बोटं असावी हे दरवर्षी सांगून येतात. उंच, सुकलेल्या शेंगेसारखे, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत पन्नास फुटी टेप. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी नवरा-नवरीला नाही, मांडवाला भेटतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून पावलं टाकत जातात आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगतात, "बाकी समदं झ्याक. पन मांडव वायव्येला तीन बोटं गेलाय." त्यांच्याच एका भावानं हे ऐकून मांडववाल्याचे शंभर रुपये कापले होते म्हणतात. मांडववाल्यानं ते दाजींकडे मागितले आणि दाजींनी दिलेसुद्धा, कारण मोजणी आपली होती.

मोजणीची नोकरी सुटली तरी मोजणीची रीत सुटली नाही. जमिनीच्या कागदावर चार दिशांना कोण कोण आहे ते लिहितात, त्याला चतुःसीमा म्हणतात. दाजी ती प्रत्येक गोष्टीची विचारतात. मला एकदा ताप आला तर डॉक्टरनं जीभ पाहिली, दाजींनी तापाची चतुःसीमा मागितली. आदल्या दिवशी काय खाल्लं, दुसऱ्या दिवशी कुठं जाणार होतो, शेजारी कुणाला ताप आहे आणि घरात कुणाशी भांडण झालं. या शेवटच्या प्रश्नावर बायको आत निघून गेली. आणि दुसरी रीत म्हणजे लगतच्या खातेदाराला नोटीस. आपलं शेत मोजायचं तर शेजारच्या शेतवाल्याला आधी कळवावं लागतं, त्याला बांधावर हजर ठेवावं लागतं. दाजींनी स्वतःच्या परसात शेवग्याचं झाड लावलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून, झाड कुठं लागतंय ते दाखवून, वहीत सह्या घेतल्या. डोळ्याचं ऑपरेशन केलं तेव्हाही दोघांना कळवलं. "उद्या म्या त्यांच्याकडं पट्टी बांधून बघनार. त्यांना म्हाईत नको?"

आणि कागद. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद हरवला नाही, असं ते स्वतः कधी म्हणत नाहीत, पण आमच्या मेहुणीबाई कंटाळून म्हणतात. त्यांच्याकडे एक लोखंडी ट्रंक आहे. माझ्या लग्नात पितळेची घागर कुणी दिली यावरून एकदा घरात दोन नातेवाइकांत वाद झाला, तेव्हा दाजींनी ट्रंकेतून आहेराची यादी काढली. घागर दोघांपैकी कुणीच दिली नव्हती. या सगळ्याला आम्ही हसायचो. मी सगळ्यांत जास्त हसायचो, आणि शिकलेला माणूस हसतो तसं, म्हणजे तोंडावर नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात त्यांनी मला एका गोष्टीपासून वाचवलं, आणि मी वाचण्याच्या लायकीचा नव्हतो.

आम्ही दोघे भाऊ. धाकटा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नळदुर्गला त्याचं झेरॉक्सचं आणि पुस्तकं-मासिकांचं छोटं दुकान आहे. आई गेल्यावर वर्षभरानं आम्ही वाटणी केली. भांडण झालं नाही. पण भांडण झालं नाही हे आम्ही दोघंही भेटेल त्याला सांगत होतो, यावरून काय ते समजावं. आमच्या घरात रीत अशी की, वाटणीत जुने देव थोरल्याकडे राहतात आणि धाकट्याच्या नव्या देव्हाऱ्यासाठी थोरल्यानं नवे टाक करून द्यायचे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले छोटे देव. कुलदैवत अणदूरचा खंडोबा, म्हणून देवळाजवळच्या एका म्हाताऱ्या सोनाराकडे पाच टाक सांगितले आणि एका रविवारी दोघं भाऊ माझ्या गाडीतून ते आणायला गेलो. टाक घेतले, दर्शन घेतलं, परत निघालो. वाटेत नळदुर्गला पंपावर थांबलो. माझी कंबर धरली होती, म्हणून मी गाडीतच बसलो आणि धाकट्याला माझं क्रेडिट कार्ड देऊन म्हणालो, "पेट्रोल भर." त्यानं भरलं, कार्ड परत दिलं, मी त्याला घरी सोडलं आणि धाराशिवला आलो. टाकांचे पैसे त्या दिवशी धाकट्यानंच रोख दिले होते. द्यायचे होते मी. असं का झालं, हे सांगायला मला थोडा वेळ लागणार आहे.

महिन्यानं कार्डाचं बिल आलं. पेट्रोलची रक्कम होती, ती ओळखीची. तिच्या लगेच खाली, त्याच तारखेला, चार हजार सहाशे रुपये: एम. बी. मेटल्स, नळदुर्ग. मी ते नाव मोठ्यानं वाचलं, मग मनात वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. मेटल्स नावाच्या दुकानात मी जन्मात गेलेलो नाही. मोबाइलवर मेसेज आला असणार; पण पेट्रोलचा आणि हा मागोमाग आले असतील आणि मी दोन्ही न वाचताच सारले असतील. मी बँकेच्या नंबरवर फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलली, फार गोड बोलली, आणि म्हणाली, "सर, त्या दिवशी कार्ड तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात होतं का? घरातलं कुणी?" तिचं काही चुकलं नाही, तिला तसं विचारावंच लागतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात पडला आणि तिथंच रुजला. पाच हजारांच्या आतली रक्कम असली की कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तरी चालतं, चार आकडे लागत नाहीत. कार्ड नळदुर्गला धाकट्याच्या हातात होतं. दुकान नळदुर्गचं. आणि मेटल्स म्हणजे लोखंड, आणि गेल्याच आठवड्यात धाकट्यानं पाठवलेल्या फोटोत त्याच्या पोरीच्या मागे दारात नवं लोखंडी फाटक दिसत होतं. पंचवीस वर्षं मी मुलांना कारण आणि परिणाम शिकवले, पण इतकी घट्ट साखळी मला वर्गात कधी जुळवता आली नव्हती.

बँकेनं तक्रारीचा फॉर्म पाठवला. त्यात तोच प्रश्न होता आणि पुढं एक ओळ मोकळी होती. कार्ड कुणाच्या हाती दिले होते, नाव व नाते. मी तो छापून घेतला आणि त्या ओळीवर बॉलपेननं धाकट्याचं पूर्ण नाव लिहिलं. नात्याच्या जागी 'सख्खा भाऊ' लिहिलं. आजही तो 'सख्खा' मला आठवतो. नुसतं 'भाऊ' लिहून भागलं असतं.

बायकोनं पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाऊजींना एक फोन लावून विचारायला काय झालं?"

"काय विचारू? तू चोरी केलीस का म्हणून?"

"मग कागदावर काय लिहिलंय तुम्ही?"

मी तिच्यावर रागावलो. तिनं बहिणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पहिल्या एसटीनं दाजी दारात हजर. बूट, पिशवी, टेप.

त्यांनी आधी बिल मागितलं. पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. मग मी माझी सगळी साखळी त्यांना ऐकवली आणि शेवटी म्हणालो, "पेट्रोलच्या खाली आहे, दाजी. म्हणजे पेट्रोल भरल्यानंतरच कुणीतरी कार्ड चालवलंय."

"वरची रक्कम आधीची आन खालची मागची, असं कुनी सांगितलं तुमाला?" ते म्हणाले. "वरच्या अंगाचं शेत आधी पेरतेत व्हय?"

"पण नळदुर्ग लिहिलंय स्पष्ट."

"लिवलंय. कागद खोटा नसतो, पावनं. अर्धा असतो. राहिलेला अर्धा जाग्यावर असतो." मग त्यांनी फॉर्म मागितला. तो त्यांनी पट्टी न लावताच वाचला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. त्यांनी त्याची चौपदरी घडी केली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातली. "हा माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. मोजनी व्हईस्तोवर धाडायचा न्हाय. गाडी काढा."

"कुठं जायचं?"

"त्या दिशी जिथं जिथं थांबला, तिथं तिथं. आन धाकट्याला संगं घ्यायचं."

मी म्हणालो, त्याला कशाला. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की, जणू मी बांध न दाखवताच शेत मोजायला सांगतोय. "लगतच्या खातेदाराला नोटीस दिल्याबिगर मोजनी व्हत न्हाय," ते म्हणाले, आणि माझ्याच फोनवरून त्यांनी धाकट्याला कळवलं की अकराच्या सुमारास येतो, अणदूरपर्यंत जायचंय, चप्पल घालू नका, बूट घाला.

धाराशिव ते नळदुर्ग तासाभराच्या रस्त्यात मी गाडी कशी चालवली ते मला माहीत नाही. दाजी शेजारी बसून रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर नाराजी व्यक्त करत होते, दोन दगड जागचे हललेले आहेत असं त्यांचं मत होतं, आणि मला त्यांच्या खिशातून वर आलेलं फॉर्मचं पांढरं टोक दिसत होतं. तो माणूस कागद हरवत नाही. तो कागद योग्य वेळी, योग्य माणसासमोर, साक्षीदारांदेखत उलगडतो. हीच त्याची बत्तीस वर्षांची नोकरी. आणि योग्य माणूस आता पाच मिनिटांत मागच्या सीटवर बसणार होता.

धाकटा दारातच उभा होता, बूट घालून. तो वाकून दाजींच्या पाया पडला, मग माझ्या. फाटक त्याच्या मागेच होतं, हिरव्या रंगाचं, भालेवालं. मला ते पाहवेना. दाजी सरळ फाटकाकडे गेले, टेप काढून त्यांनी ते आडवं आणि उभं मोजलं.

"झ्याक हाय. कितीला पडलं?"

"मला काय म्हाईत, दाजी," धाकटा हसत म्हणाला. "घरमालकानं बसवलं. दोन वर्षं मागं लागलो त्याच्या, तवा कुठं बसवलं. वर दोनशे भाडं वाढीवलं. भाड्याच्या घराला म्या कशाला फाटक लावू?"

दाजींनी टेप गुंडाळला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते न पाहणं हे त्यांचं माझ्यावरचं पहिलं ऋण. पुढं त्या दिवसात अशी बरीच ऋणं झाली.

गाडीत बसल्याबरोबर धाकट्यानं विचारलं, "दादा, कशासाठी चाललोय?" मी आरसा नीट करायला लागलो. दाजी मागे वळून म्हणाले, "तुमच्या दादाच्या कार्डावर त्या दिशीची एक रक्कम आलीया. एम. बी. मेटल्स. दादाला ती वळखू येईना. तुमी त्या दिशी संगं व्हता, म्हून तुमाला नोटीस."

मी आरशात त्याचा चेहरा पाहत होतो आणि पाहायला नको होतं. तो म्हणाला, "पंपावर कार्ड माझ्याकडं व्हतं, दादा. पोरगं दोनदा मशीन घेऊन आलं व्हतं. माझ्या हातनं कुठं चुकीचं टेकलं का काय? तसं असंल तर म्या भरतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

मी म्हणालो, "तसं काही नाही रे." आणखी काही बोललो असतो तर गाडी डिव्हायडरवर गेली असती.

पंपावर दाजींनी गाडी कुठं उभी होती, धाकटा कुठं उभा होता, मशीन कुठून आलं, हे सगळं पावलांनी मोजलं. पंपवाल्यानं पावतीचं पुस्तक उघडून पेट्रोलचीच रक्कम दाखवली; दुसरी नाही. मग आम्ही नळदुर्गच्या बाजारात एम. बी. मेटल्स शोधलं. भांड्यांच्या दुकानात विचारलं, भंगारवाल्याकडे विचारलं, शटर करणाऱ्याकडे विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. एका पानवाल्यानं दाजींच्या हातात टेप पाहून विचारलं, "रस्ता रुंद करताय का?" आणि टपरी हातभर मागे सरकवायला लागला. दाजींनी त्याला समजावलं, टपरी बरोबर जागी आहे याची मोजून खात्री करून दिली आणि पान न खाताच निघाले. "हितं न्हाय," ते गाडीत बसत म्हणाले. "ज्या कागदाला गावात कुनी वळखत न्हाय, त्यो त्या गावाचा नसतो. चला अणदूरला."

आता मला ती गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी अणदूरला सोनारानं टाक कापडावर मांडले. चार हजार सहाशे झाले. मी कार्ड काढलं आणि त्याच्या मशीनला टेकवलं. मशीनचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि मग काहीतरी नकाराचं लिहून आलं. सोनार म्हणाला, रेंज नाही. माझ्या खिशात हजारभर रुपये होते आणि रस्त्यापलीकडे एटीएम होतं. ते मला दिसत होतं. तेवढ्यात धाकट्यानं पाकीट काढून पैसे मोजून दिले. "ऱ्हाऊ दे दादा, म्या देतो." मी म्हणालो, "अरे, नको." पण ते 'नको' मी कसं म्हणालो हे माझं मला माहीत आहे. वाटणीचा खर्च झाला होता, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि मशीन चाललं नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं. थोरल्यानं द्यायचे देव धाकट्यानं स्वतःच्या पैशानं घेतले आणि मला बरं वाटलं. म्हणून तर ती आठवण मी इतकी आत ढकलून दिली होती की, बिलावरचा आकडा आणि टाकांचा आकडा एकच आहे हे महिन्यात एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

सोनाराच्या दुकानावर नाव नाही. 'टाक करून मिळतील' एवढंच पाटीवर आहे. आम्ही तिघं आत शिरलो तसा म्हातारा हातातली हातोडी खाली ठेवून म्हणाला, "आलासा का. दोघं भाऊ. महिना झाला वाट बघतोय." आणि गल्ल्याखालच्या कप्प्यातून त्यानं एक पुरचुंडी काढली. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: पाच टाक, दोघं भाऊ, पांढरी गाडी.

मशीननं नाही म्हटलं होतं, पण पैसे गेले होते. चार दिवसांनी त्याच्या मुलानं खातं पाहिलं तेव्हा त्यांना कळलं की, एकाच मालाचे पैसे दोनदा आलेत. आमचा नंबर त्याच्याकडे नव्हता. "कुलदैवताचं गिऱ्हाईक हाय, येतंय कवातरी म्हून बांधून ठिवलं," तो म्हणाला. दाजींनी मशीनची छापील पावती मागितली, पट्टी ठेवून वाचली. एम. बी. मेटल्स, नळदुर्ग.

"दुकान अणदुरात आन पत्ता नळदुर्गाचा कसा?" दाजींनी विचारलं.

म्हातारा दाजींकडे असा बघायला लागला की, एवढं साधं यांना कसं कळत नाही. "देव कुठं असतो दादा बाराही म्हैनं हितं? दोन म्हैनं नळदुर्गाला जातोय. देव गेला की माझं दुकानबी जातंय. तिथं असताना बँकवाला आला, मशीन दिलं, म्हनला दुकान कुठं? म्हनलं, हे काय हितं. म्हनला कशाचं? म्हनलं चांदीचं. त्यानं मेटल लिवलं. म्होरं देव हिकडं आला, दुकान आलं, मशीन आलं. पत्ता तेवढा तिथंच ऱ्हायला." एम. म्हणजे तो आणि बी. म्हणजे त्याची बायको, हेही त्यानं सांगितलं, आणि आत बघून तिला हाकही मारली, की बघ, तुझं नाव कुठवर गेलंय.

खंडोबा काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला असतो, दोन्ही गावचे मानकरी वाजतगाजत त्याला नेतात-आणतात, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. आईच्या कडेवर बसून मी ती मिरवणूक पाहिली आहे. आणि तरी त्या एका ओळीतलं गाव पाहून मला देव आठवला नाही, भाऊ आठवला.

म्हाताऱ्यानं पुरचुंडी माझ्यापुढं धरली. धाकटा लगेच म्हणाला, "घे दादा. कार्डाचं तुझं गेल्यात." मी हात पुढं करणार तेवढ्यात दाजी मध्ये आले. त्यांनी पुरचुंडी घेतली, धाकट्याच्या हातात ठेवली आणि सरकारी आवाजात म्हणाले, "कार्डावरची रक्कम कायम. ती टाकाची. रोख ज्यानं दिली, त्यानं परत घ्यायची. व्हय ना हो पावनं?"

मी म्हणालो, "हो."

धाकटा पुरचुंडीकडे बघत उभा राहिला. मग हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं झालं बघा, दाजी. देव थोरल्यानं द्यायचं असतेत. म्या दिलं खरं, पन रोज पूजेला बसलं की वाटायचं, हे इकत आनल्यावानी झालं." म्हातारा हातोडी उचलून पुन्हा ठोकायला लागला.

धाकट्याच्या बायकोनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना दाजींनी देव्हारा पाहिला. टेपाला हात लावला नाही. नळदुर्ग सोडलं, गाडीत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "दाजी, तो कागद द्या. फाडून टाकतो."

"कुठला कागद?"

"फॉर्म. सकाळी तुम्ही खिशात ठेवलेला."

त्यांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. पिशवीत हात घालून टेप वरखाली केला. मग सरळ पुढं रस्त्याकडे बघत म्हणाले, "हरवला वाटतं."

मी गाडी बाजूला घेतली. मला मशीन, एटीएम, ते बरं वाटणं, सगळं सांगायचं होतं, आणि मी सांगितलं. रस्त्याकडेला, इंजिन चालू ठेवून, पन्नाशीला टेकलेला माणूस पोरासारखा बोलत होता. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, कशाचीही चतुःसीमा विचारली नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "टाक तुमच्या पैशाचं झालं ना आता? मग चला. साडेचारची एसटी गाठायचीय."

त्याला आता दोन वर्षं होत आली. दाजींचे गुडघे बसलेत; ते आता तेरखेड्याहून निघत नाहीत, मीच महिन्यातून एकदा जातो. अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात. गेल्याबरोबर माझ्या तब्येतीच्याही आधी विचारतात, "धाकटं कसं हाईत?" मी म्हणतो, बरा आहे. ते मान हलवतात आणि बोलणं दुसरीकडे नेतात. एकदा मी विचारलं, "दाजी, त्याला सांगू का?" ते म्हणाले, "सांगा की. म्या न्हाय सांगनार, एवढं खरं." मी विचारलं, कधी सांगू. त्यांनी आधी शेवग्याकडे पाहिलं. "त्यो हासतोय तवर सांगा," ते म्हणाले.

धाकटा खरंच हसतो. दादाच्या कार्डावर देवाचा पत्ता आला होता ही गोष्ट तो दुकानात येईल त्याला सांगतो, लग्नकार्यात मला पुढं करून सांगतो, आणि लोक हसले की माझ्या पाठीवर थाप मारतो. मीही हसतो. प्रत्येक वेळी ठरवतो की गर्दी पांगली की बोलू, आणि गर्दी पांगली की गाडीला उशीर होत असतो. दाजींनी आपला शब्द पाळला. मी माझा अजून दिलेलासुद्धा नाही.

म्हणून हे लिहिलं. धाकट्याच्या दुकानात मासिकं येतात आणि विकायला लावण्याआधी तो ती चाळतो. वाचून झाल्यावर त्याचा फोन येईल. मी तो उचलणार आहे.